खारपाणपट्ट्यातल्या मोटर वायंडिंगवाल्या भाऊंना

भाऊ,

हे पत्र तुमच्या दुकानात मोबाइल घेऊन बसलेली पोरं तुम्हाला वाचून दाखवतील, या भरवशावर लिहिते आहे. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. दर्यापूर तालुक्यात बोअरची मोटर जळाली की माणूस कुठे जातो, हे ज्याला कळायचं त्याला कळेल.

मागच्या वर्षी आम्ही लग्नाला गेलो होतो आणि इकडे सिंकखालचा पाइप निसटला. वरची 1000 लिटरची टाकी घरात मोकळी झाली. सरकारी योजनेच्या हिशेबानं माणशी रोज 55 लिटर, म्हणजे आम्हा तिघांचं सहा दिवसांचं पाणी एका दुपारी फरशीवर. तुरीची दोन पोती भिजली ती वेगळीच. म्हणून मुलानं पुण्याहून पाण्याची गळती ओळखणारं यंत्र आणून बसवलं. जमिनीवर ठेवायच्या तीन चकत्या, टाकीच्या पाइपावर मोटरचा व्हॉल्व्ह आणि भिंतीवर एक डबी. चकतीच्या पोटाखाली धातूची दोन टोकं असतात. त्यांच्यामध्ये पाणी आलं की करंट जुळतो, डबी किंचाळते आणि व्हॉल्व्ह पाणी तोडतो.

मे लागला आणि डबी रोज रात्री किंचाळायला लागली. उठून पाहावं तर फरशी ठणठणीत कोरडी. कंपनीच्या फोनवरची मुलगी दर वेळी एकच सांगायची, बंद करून पुन्हा चालू करा. ते आम्ही इतक्यांदा केलं की शेवटी व्हॉल्व्ह अर्ध्यातच अडकला आणि दोन दिवस मी बोअरवरून बादल्या वाहिल्या. शेजारचे म्हणाले, "काढून फेका ना बाप्पा ते!" ह्यांनी तर पान्हा हातात घेतलाच होता.

तुम्ही आलात आणि यंत्राला हातही न लावता विचारलंत, "काकू, किती वाजता वाजते?" मग, "तवा कूलर चालू असते का?" आणि मग, "फरशी कोन्त्या पान्यानं पुसता तुमी?" मी म्हटलं, बोअरच्या, आणखी कोणत्या? तुम्ही हसलात आणि पेलाभर गोडं पाणी मागितलंत. मला वाटलं, ऊन लागलं असेल. मी माठातलं आणून दिलं, तर ते तुम्ही न पिता चकती उलटी करून तिच्यावर ओतलंत!

चकती उलटी झाली तेव्हा दिसलं. दोन्ही टोकांना मिठाचा पांढरा थर आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली बारीक, केसाएवढी पांढरी रेघ. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अमरावती, अकोला, बुलडाण्यातून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे, म्हणून हा खारपाणपट्टा. पिण्याचं गोडं पाणी नळाला येतं तेवढंच, धुण्यापुसण्याला बोअर. मी रोज चकतीच्या भोवती त्याच पाण्याचं फडकं फिरवत होते. पाणी सुकायचं, मीठ राहायचं. रात्री कूलर लागला की हवेतली ओल ते मीठ ओढून घ्यायचं आणि टोकं जुळायची. "मशीन खोटं नाई बोलून राह्यली काकू, तिले खरंच वलं लागून राह्यलं." हे तुमचं वाक्य मी मुलाला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता.

टोकं तुम्ही लिंबाच्या फोडीनं घासलीत, गोड्या पाण्यानं धुतलीत, धोतराच्या फडक्यानं कोरडी केलीत. चकतीखालचा हातभर तुकडा तेवढा पिण्याच्या पाण्यानं पुसायला सांगितलंत. तो नेम मी पाळते आहे, हे म्हणतात की देवघरापेक्षा तिथली फरशी चकचकते.

व्हॉल्व्हचं दुखणं वेगळं होतं. मीटर लावलात तर अ‍ॅडाप्टर 12 व्होल्ट दाखवत होता, पण मोटर फिरायला लागली की काटा आठवर यायचा. अ‍ॅडाप्टर थकला होता आणि व्हॉल्व्हच्या आतला, पाणी अडवणारा गोळा क्षारानं जड झाला होता. अ‍ॅडाप्टर बदललात. व्हॉल्व्हच्या टोपणाखालचा लहानसा दांडा दाखवलात, तो फिरवला की वीज नसतानाही पाणी हातानं सुरू करता येतं. दोन दिवस बादल्या वाहिल्या आणि दांडा तिथेच होता, भाऊ! महिन्यातून एकदा उघडबंद करा म्हणजे गोळा जाम होत नाही, असंही तुम्ही म्हणालात. संकष्टीचा दिवस ठरवला आहे, नाहीतर मी विसरते.

निघताना तुम्ही नळ चालू ठेवून चकतीखाली चमचाभर पाणी टाकलंत. डबी किंचाळली. मी मनात आकडे मोजत होते. बाराला धार तुटली, थेंबसुद्धा नाही.

अ‍ॅडाप्टरचे पैसे घेतलेत, मजुरी घेतली नाहीत. "मशीन नवी होती, शिकाले भेटलं," म्हणालात. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी, पण शिकल्याबद्दल फी सोडणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. मनापासून आभार, भाऊ.

आणि तुमचा पिवळ्या मुठीचा टेस्टर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिला आहे. घ्यायला याल तेव्हा सकाळी अकराच्या सुमारास या, भाकरी तव्यावर असतात.

तुमची,
काकू