तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना

सप्रेम नमस्कार मावशी,

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण ज्या गोष्टीबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत ती आपल्या कार्यालयातल्या बहुतेकांना ठाऊकच नाही, आणि गेल्या महिन्यापर्यंत तिचा अर्धा भाग मलाही ठाऊक नव्हता. ठेका बदलला आणि तुमची नेमणूक दुसऱ्या इमारतीत झाली, त्यानंतर एकदा चहा घेताना शिपाईकाकांनी सहज सांगितले, की आमच्या मजल्यावरची लादी तुम्ही बिनवासाच्या पाण्याने पुसू लागलात तेव्हा तुम्हाला दोनदा बोलणी खावी लागली होती. "वास येत नाही म्हणजे पुसलंच नाही," असे सुपरवायझर सर्वांदेखत म्हणाले आणि तुम्ही माझे नाव न घेता ते ऐकून घेतलेत. मी त्या वेळी दहा हातांवर बसले असेन, आणि बहुधा आज डोके दुखत नाही या आनंदात असेन.

मला अर्धशिशी आहे हे कार्यालयात कोणापासून लपलेले नव्हते. मात्र ती वासाने उठते हे पटवणे फार अवघड होते. बरे, वास तरी कसले? चांगले! दुर्गंधीने डोके दुखले तर लोक हळहळतात. मोगऱ्याने, चंदनाने किंवा लिंबाच्या फ्रेशनरने दुखले तर ते तुमच्याकडे नाटकी माणूस म्हणून पाहतात. ताळेबंद पाहता पाहता आकड्यांच्या एका बाजूला थरथरता चकचकीत डाग पडायचा, 8 आहे की 3 हे कळेनासे व्हायचे आणि अर्ध्या तासात डावा डोळा, कपाळ आणि वरचे दात एकाच ठोक्यात ठणकू लागायचे. औषध वेळेवर घेतले नाही तर असा झटका चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत कितीही टिकू शकतो. अशा वेळी माझ्या भल्यासाठी झटणारे सहकारी काय करत? बामची बाटली उघडून माझ्या नाकाखाली धरत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मनगटाच्या मागे अत्तराचा फाया फिरला की हात मागे घेणे म्हणजे सवाष्णीचा मान नाकारणे, म्हणून मी तो लावून घेई आणि पुढचा दीड दिवस अंधाऱ्या खोलीत काढी. हे मी वर्षानुवर्षे केले.

"वासानं डोकं कसं काय दुखतं हो मॅडम?" असे तुम्ही एकदा विचारले होते. तुम्हाला खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि मी मात्र "असते एकेकाची प्रकृती" असे म्हणून विषय संपवला. त्याचे उत्तर आता देते. वास ओळखणारी नस वेगळी आणि नाकाला झोंबल्याचे सांगणारी नस वेगळी. ही दुसरी नस, जिला डॉक्टर ट्रायजेमिनल म्हणतात, कपाळ, डोळे, गाल, दात या सर्वांच्या संवेदना मेंदूकडे नेते आणि तिचेच धागे मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांपर्यंत गेलेले असतात. कांदा चिरताना डोळे झोंबतात ते तिच्यामुळे, आणि कापूर किंवा पुदिना नाकाला गार लागतो तोही तिच्यामुळेच. अर्धशिशीच्या माणसात ती मुळातच हळवी असते. उग्र सुगंधातल्या काही द्रव्यांनी ती डिवचली गेली की तिच्या टोकांतून अशी रसायने सुटतात, ज्यांनी त्या रक्तवाहिन्या फुगतात आणि ठणका सुरू होतो. त्यातच बाटलीवर 'फ्रॅग्रन्स' हा एकच शब्द छापलेला असतो आणि त्यामागे अनेक द्रव्ये असू शकतात, त्यामुळे नेमके काय बाधते ते लेबल वाचून कळत नाही.

यात आणखी एक गुंता होता. झटका येण्याच्या आधीच्या काही तासांत नाक आपोआप तीक्ष्ण होते आणि एरवी न जाणवणारे वासही खुपू लागतात. म्हणजे कधी वासामुळे झटका येतो आणि कधी येऊ घातलेल्या झटक्यामुळे वास सहन होत नाही. डॉक्टरांनी म्हणून मला वही ठेवायला सांगितले होते. शिवाय माझ्या गोळ्या महिन्यात दहा किंवा त्याहून अधिक दिवस घेतल्या तर गोळ्यांचीच डोकेदुखी मागे लागते, तेव्हा नुसते औषध वाढवत जाण्याची वाटही बंद होती. मी चार महिने वही लिहिली. तारखा जमल्या, पण त्या तारखांना कार्यालयात वेगळे काय घडले होते हे मला कसे कळावे?

ते तुम्हाला माहीत होते. चहाच्या खोलीतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्ही दुधाचे खाडे मांडत होता, हे सर्वांनीच पाहिले होते. त्याच चौकोनांच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने बारीक टिंबे होती ती फ्रेशनरच्या यंत्रात नवा डबा घातल्याची, आणि फुलीची खूण होती ती फिनाइलचा नवा कॅन फोडल्याची. साहेब हिशेब मागतात म्हणून तुम्ही ते लिहीत होता. माझी वही टेबलावर राहिली होती ती परत द्यायला आलात, उघड्या पानावरच्या तारखा तुम्हाला दिसल्या आणि तुम्ही मला कॅलेंडरपुढे नेऊन उभे केलेत. हिरव्या टिंबानंतरच्या दोन दिवसांत झटका, असे चार महिन्यांत सात वेळा झाले होते. फुलीचा आणि माझ्या दुखण्याचा मात्र तसा मेळ नव्हता; फिनाइलने नुसते मळमळायचे. मोगऱ्याच्या गजऱ्यावर मी जो आळ घेतला होता तोही त्या दिवशी उतरला. मला वाटत होते सगळेच वास माझे वैरी आहेत, आणि तुम्ही त्यांतला मुख्य चोर बोट ठेवून दाखवलात.

ते पांढरे यंत्र दर पंधरा मिनिटांनी 'फिस्स' करायचे आणि नेमके एसीच्या तोंडाशी टांगलेले होते, म्हणजे नव्या डब्याचा पहिला जोर थेट माझ्या टेबलावर उतरायचा. त्याची किल्ली तुमच्याकडे होती. तरीही तुम्ही ते परस्पर काढले नाहीत; प्रशासनाच्या साहेबांकडे कॅलेंडर घेऊन गेलात, आणि यंत्र स्वच्छतागृहाबाहेरच्या बोळात गेले. मग लादीचे पाणी बदललेत, धुण्याचा सोडा आणि गरम पाणी. पूर्वी सव्वानऊला, आम्ही येऊन बसल्यावर पुसायचात, ते पावणेआठला पुसू लागलात आणि दहा वाजता एसी लागेपर्यंत खिडक्या सताड उघड्या ठेवू लागलात. गुरुवारची दत्ताच्या तसबिरीपुढची उदबत्ती जिन्याशी गेली. दत्तगुरूंनी काही तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

डिओचे काम सर्वांत नाजूक होते. शेजारच्या टेबलावरचा मुलगा गुणी, पण सकाळी अर्धी बाटली अंगावर रिती करून येणारा. त्याला दोन वर्षे मी काही बोलू शकले नाही, कारण माणसाला त्याच्या वासाबद्दल बोलणे म्हणजे त्याच्या अंगाबद्दल बोलणे. तुम्ही मात्र साहेबापासून उमेदवारापर्यंत सर्वांना "पाय वर घ्या" म्हणणाऱ्या, त्याच सुरात, पोछा मारता मारता तुम्ही त्याला म्हणालात, "तुमच्या सेंटानं मॅडमला गोळी घ्यावी लागते, माहीत आहे का? सुट्टीच्या दिवशी मारत जा." तो ओशाळला, हसला आणि दुसऱ्या दिवसापासून नुसत्या साबणाचा होऊन आला. मला त्याने विचारले, "आधी का नाही सांगितलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

अमेरिकेत डेट्रॉइट महापालिकेतल्या एका कर्मचारी बाईंना सहकारिणीच्या परफ्यूमचा आणि रूम फ्रेशनरचा असाच त्रास होत होता. त्या न्यायालयात गेल्या आणि 2010 मध्ये एक लाख डॉलरवर तडजोड झाली. शिवाय कर्मचाऱ्यांनी सुगंधी वस्तू वापरून येऊ नये, अशा सूचना तिथल्या कार्यालयांत लागल्या. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार मोजले आहेत आणि त्यांत अर्धशिशीचे नाव नाही. असते तरी मी अर्ज लिहून, प्रमाणपत्रे जोडून, नाटकी ठरण्याची तयारी ठेवून भांडले असते असे मला वाटत नाही. माझ्या वाट्याला कायद्याऐवजी तुमचे कॅलेंडर आले, हे माझे नशीब. पण ज्या मजल्यांवर तुम्ही नाही तिथल्या बायकांनी काय करावे, हा प्रश्न मला आता अधूनमधून टोचतो आणि त्यासाठी प्रशासनाकडे मी लेखी विनंती दिली आहे.

आता त्या बोलणीबद्दल. आपल्या कार्यालयात स्वच्छता डोळ्यांनी नव्हे, नाकाने मोजली जात होती, आणि वास काढून टाकणे म्हणजे तुम्ही केलेल्या कामाचा पुरावाच काढून टाकणे होते. सोड्याने पुसलेली लादी अधिक लख्ख असते, पण दारातून आत येणाऱ्याला ती तसे सांगत नाही. माझे डोके हलके झाले त्याची किंमत तुम्ही तुमच्या नावाने मोजलीत. मी प्रशासनाच्या साहेबांना हे सगळे सांगितले आहे आणि तुमच्या नव्या ठिकाणच्या ठेकेदाराकडे कार्यालयाच्या शिक्क्याचे प्रशस्तिपत्र पाठवून घेतले आहे; त्याची प्रत तुमच्यासाठी माझ्या खणात ठेवली आहे.

नव्या ताई चांगल्या आहेत. खिडक्या दहापर्यंत उघड्या का ठेवायच्या, असे त्यांनी विचारले तेव्हा या खेपेला मी विषय संपवला नाही, खुर्ची ओढून बसवले आणि सगळे सांगितले. त्या आता कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात. हिरवे पेन तिथेच दोरीला बांधलेले आहे.

या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्या घरी आहे. तुम्ही आणि तुमची सून, दोघीही या. तिळगूळ आहे, वाण आहे, अत्तरदाणी मात्र माळ्यावर टाकली आहे.

आपली कृतज्ञ,
खिडकीजवळच्या टेबलावरची मॅडम