बर्फातल्या हातांबद्दल

गुहागर
डिसेंबर

प्रिय महेश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. शेडमधल्या बायकांचे हात कोळंबी सोलताना बर्फाच्या पाण्यात ठणकतात, संध्याकाळी भाकरी थापताना बोटं वळत नाहीत, आणि थंडीची जाणीवच बंद करणारं एखादं मलम किंवा गोळी मिळाली तर सगळ्यांना वाटून टाकीन, असं तू लिहिलंस. तुझी कळकळ मला समजते, म्हणून नीट सविस्तर लिहितो. जाणीव बंद करता येते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं आहे. दुकानात तशी गोळी मिळत नाही. आणि उद्या मिळाली, तरी ती तुझ्या शेडमध्ये येऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आधी ही जाणीव येते कुठून ते बघ. त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीएम८ नावाचं एक प्रथिन असतं. चार सारखे भाग एकत्र येऊन मधे छिद्र तयार होतं. त्वचा साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागली की ते उघडतं, सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतं आणि मेंदूकडे संदेश निघतो. पुदिन्यातलं मेंथॉलही हेच छिद्र उघडतं. २००२ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे हे प्रथिन शोधलं, तेही मेंथॉलच्याच मदतीने. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशा प्रथिनांवरच्या कामासाठी २०२१चं वैद्यकातलं नोबेल दोघांना मिळालं.

यातून तुझ्या एका सवालाचा निकाल लगेच लागतो. बर्फात हात घालण्यापूर्वी बायका बाम चोळतात, तो थांबव. बाममधल्या मेंथॉलमुळे ते छिद्र जरा कोमट तापमानालाच उघडतं, म्हणजे तोच बर्फ आणखी गार लागतो. खूप चोळला तर काही वेळाने जाणीव मंदावते, आणि तेव्हा हात सुधारला असं वाटतं. हात तितकाच गार असतो.

आता बंद करण्याचा प्रयोग. २००७ साली तीन गटांनी टीआरपीएम८ नसलेले उंदीर तयार केले. त्यांना गार आणि कोमट यांतला फरक फारसा कळेना, पण कडाक्याची थंडी मात्र ते काही प्रमाणात टाळत. पुढे २०१३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड मॅकेमी यांच्या गटाने एक पाऊल पुढे टाकलं. नुसतं प्रथिन काढण्याऐवजी ते प्रथिन असलेल्या चेतापेशीच त्यांनी नष्ट केल्या. मग उंदरांना दोन पट्ट्यांवर सोडलं, एक सुखद तापमानाची आणि दुसरी कमीजास्त होणारी. साधे उंदीर थंड पट्टीवरून पळ काढत. हे उंदीर इजा होईल इतक्या थंड पट्टीवरही निवांत फिरत राहिले. उष्णता आणि स्पर्श त्यांना नीट कळत होता. म्हणजे थंडीची वाट वेगळी आहे आणि ती एकटीच तोडता येते. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: गारव्याने दुखणं शमतं, तेही याच पेशींमुळे. आपल्याला मुरगळलेल्या घोट्यावर बर्फ लावून मिळतो तसला आरामही या पेशी गेल्यावर त्या उंदरांना मिळेना.

कडक थंडीसाठी आणखी एक पहारेकरी असल्याचं २०२४ मध्ये मिशिगन विद्यापीठातून पुढे आलं. त्याचं नाव ग्लूके२. उंदरांमध्ये हे प्रथिन काढलं की साधा गारवा कळतो, पण झोंबणारी थंडी कळत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शरीराने गारव्याला एक आणि धोक्याच्या थंडीला दुसरा असे वेगळे पहारे ठेवले आहेत. इतकी काळजी घेऊन ठेवलेली वस्तू सहज काढून फेकावी अशी नसते.

माणसांवरही औषधं तपासली गेली आहेत. फायझर कंपनीचं पीएफ-०५१०५६७९ नावाचं टीआरपीएम८ रोखणारं औषध निरोगी स्वयंसेवकांना दिलं. बर्फाच्या पाण्यात हात घातल्यावरची वेदना खरोखर कमी झाली, पण अनेकांना अंगात, विशेषतः तोंडाभोवती, गरम गरम वाटू लागलं आणि काहींना ते सहन झालं नाही. लहान आणि मोठ्या अशा दोन्ही जातींच्या उंदरांमध्ये अशा औषधांनी शरीराचं आतलं तापमानही उतरतं, कारण कुडकुडणं आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या आखडणं हे त्वचेवरून येणाऱ्या थंडीच्या संदेशावरच चालतं. मानवी चाचणीत आतलं तापमान ढळलं नाही, हे नोंदवायला हवं. डोळ्याचं आणखी वेगळं. बुबुळाच्या पृष्ठभागावरचे हेच तंतू डोळा सतत ओला ठेवतात, आणि टीआरपीएम८ नसलेल्या उंदरांचे अश्रू कमी होतात. म्हणून कोरड्या डोळ्यांवर या प्रथिनाला उलट चालना देणारे थेंब वापरतात.

लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मलमं दुकानात मिळतात, त्यांचाही विचार तू करशील म्हणून लिहितो. ती सगळ्याच तंतूंचे सोडियम मार्ग, म्हणजे ज्यांतून सोडियम आत शिरून संदेश पुढे सरकतो ती छिद्रं, बंद करतात. थंडीबरोबर सुरीची धारही कळेनाशी होते. शेडमधल्या हातांवर काट्यांचे आणि कोळंबीच्या टोकांचे बारीक ओरखडे असतातच, त्यांतून औषध रक्तात जास्त शिरतं. हे मुळीच नको.

आता बर्फाकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे. माणसाची त्वचा उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठते. वितळणारा गोड्या पाण्याचा बर्फ बरोबर शून्यावर असतो, म्हणून त्यात हात गोठत नाही. पण तासन्‌तास ओला आणि गार राहिलेला हात न गोठताही बिघडतो. शून्य ते पंधरा अंशांच्या दरम्यान रक्तपुरवठा आखडलेला राहतो, मज्जातंतू उपाशी पडतात, आणि मुंग्या, बधिरपणा, थंडीची असह्यता महिनोन्‌महिने टिकते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढतं, त्यामुळे सुका गारठा आणि ओला गारठा यांची तुलनाच नको.

मीठ पडलं की मात्र हिशेब बदलतो. बर्फाच्या चुऱ्यात मीठ मिसळलं तर मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. माल लवकर गार व्हावा म्हणून टबात मूठ-मूठ मीठ टाकणारा माणूस तुझ्याकडे असेल, तर त्या टबात उघडा हात काही मिनिटांत खरोखर गोठू शकतो. समुद्राच्या पाण्याचा बर्फ उणे दोनच्या जवळ असतो, तोही धोक्याच्या बाजूलाच. कारखान्यातून नुकतीच काढलेली लादी शून्यापेक्षा बरीच खाली असते, कारण डबे उणे दहाच्या आसपासच्या खाऱ्या पाण्यात बुडवून ती गोठवतात. ओला हात तिला चिकटतो तो म्हणूनच. थोडा वेळ बाहेर ठेवून, पृष्ठभाग ओला दिसू लागल्यावरच फोडायला घ्यायला सांग.

या सगळ्यात जाणीव काय काम करते ते लक्षात घे. त्वचा पंधरा अंशांजवळ आली की दुखू लागतं आणि बोटांची चपळाई कमी होते. दहाच्या खाली स्पर्श झपाट्याने मरतो. वेदना मात्र मागे राहते, कारण वेदनेच्या तंतूंमधला एनएव्ही१.८ नावाचा सोडियम मार्ग थंडीतही चालू राहतो. हे २००७ साली दाखवलं गेलं. स्पर्श गेल्यावर हात बाहेर काढायला लावणारी तीच एक गोष्ट उरते. ती थांबवून बाईला टबाशी बसवलं, तर ती न कुरकुरता आठ तास काम करील आणि हंगाम संपेपर्यंत तिची बोटं जातील. आणि तिला ते कळणारही नाही.

ज्यांची जाणीव आधीच गेली आहे अशा बायका तुझ्याकडे आजही आहेत. जुन्या मधुमेहात बोटांच्या टोकांची थंड-गरम ओळख मंदावते. साधी परीक्षा अशी: स्टीलचा चमचा पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेव, कोरडा पुसून, डोळे मिटायला लावून आधी कोपराजवळ आणि मग बोटांच्या टोकांना लाव. कोपराला गार आणि बोटांना नुसता स्पर्श, असं म्हणाली तर तिला बर्फाच्या टबाजवळ बसवू नकोस. प्रतवारी किंवा वजन-नोंदीचं काम दे आणि डॉक्टरांकडे पाठव. बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होतात असं सांगणारीलाही तसंच. मिश्री लावणाऱ्यांना सांग की तंबाखूतलं निकोटीन बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतं. आणि होडीवर गारठा घालवायला घोटभर घेणाऱ्या खलाशांनाही कळू दे की दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, पण अंगातली उष्णता भराभर बाहेर जाते.

कर्करोगावर ऑक्सॅलिप्लाटिन चालू असलेल्या माणसाची गोष्ट उलटी. औषध दिल्यापासून काही तासांत थंडी भयंकर झोंबू लागते. थंड पाण्याचा घोट घशात अडकल्यासारखा होतो, फ्रीजमधली बाटली धरवत नाही. सहसा काही दिवसांत ते ओसरतं. अशा रुग्णाला त्या दिवसांत बर्फ, फ्रीज, थंड पाणी सगळं बंद. थंडीची जाणीव रोखणारी औषधं खरी कामाला येतील ती अशांना, कारण इथे धोका नसताना घंटा वाजते आहे.

मग तुझ्या बायकांसाठी काय? हातच कमी गार होऊ द्यायचा. दोन मोजे दे: आत विणलेला सुती किंवा लोकरी, वर कोपरापर्यंतचा रबरी, एक माप मोठा. घट्ट मोजा रक्त अडवतो. आतला मोजा ओलसर झाला की त्याचा उपयोग संपला, म्हणून माणशी पाळीला तीन जोड्या सुक्या हव्यात. रबरी मोजा रोज पाणी भरून दाबून बघ. टाचणीएवढं भोक असेल तरी फेक. छाती-पोट कोरडं राहायला प्लास्टिकचा एप्रन आणि आत सुकं बनियन हवं. धड उबदार असलं की शरीर बोटांना रक्त सोडतं. बर्फात बोट बुडवल्यावर पाच-दहा मिनिटांनी रक्तवाहिन्या आपोआप उघडझाप करतात, हे ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये दाखवलं; धड गारठलेलं असेल तर ती उघडझाप क्षीण होते. अर्ध्या तासाने पाच-सात मिनिटं टबातून हात बाहेर, मोजे काढून.

शेकायला शेगडी ठेवू नकोस, बधिर बोटं भाजतात आणि कळत नाही. कोमट पाण्याची बादली ठेव, ३७ ते ३९ अंश. ते मोजायचं थर्मामीटरने, नाहीतर बर्फात न गेलेल्या माणसाच्या कोपराने. कुणाचं बोट पांढरं, मेणासारखं कडक झालं तर चोळायचं नाही. अंगठ्या काढायच्या, त्याच बादलीत पंधरा ते तीस मिनिटं बुडवायचं, लाली आणि मऊपणा येईपर्यंत. उबेला येताना प्रचंड ठणकतं, तेव्हा घाबरून मधेच काढू नये. फोड फोडू नयेत, बोटांमध्ये सुकी जाळीची पट्टी ठेवून लगेच दवाखाना. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, उदाहरणार्थ होडी अजून समुद्रात असेल, तर नीट सोय होईपर्यंत उबवूच नये. बर्फ कारखान्यातला द्रव अमोनिया उणे ३३ अंशांवर उकळतो आणि वर जाळतोही. तो अंगावर उडाला तर आधी भरपूर पाणी, किमान वीस मिनिटं, आणि चिकटलेले कपडे पाण्याने सुटल्यावरच काढायचे.

थर्मामीटर आणि मोज्यांचा खर्च किती येतो ते कळव, मी अर्धा उचलतो. चमच्याची परीक्षा या आठवड्यातच सगळ्यांची करून घे आणि किती जणींना गार कळलं नाही ते लिही. त्यांच्यासाठी इथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत