पातोळ्यांचं माप आणि तुझा रिपोर्ट

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या पातोळ्यांची कृती हवी, गोड कमी करून, आणि "आई, बाकीचं काही लिहू नकोस," असं फोनवर म्हणालास. बरं. नाही लिहीत.

आजीच्या वहीत माप कुठेच नाही. "गूळ बेताचा" एवढंच, आणि तिचा बेत तुला ठाऊक आहे. मी दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला वाटीभर गूळ घेते. तू अर्धी वाटी घे. सारण जरा सुटं राहील, कारण खोबरं धरून ठेवतो तो गुळाचा पाक. म्हणून चमचाभर खसखस भाजून कुटून घाल. तांदळाची पिठी मीठ घालून सरसरीत भिजव, हळदीच्या पानावर ओल्या बोटांनी पातळ फास, अर्ध्या भागात सारण, पान मिटून दहा-बारा मिनिटं वाफ. पानाचा वास असा उतरतो की गोड कमी आहे हे जिभेला उशिरा कळतं. मोदकाला ही सोय नाही, म्हणून यंदा मोदकांच्या वाटेला जाऊच नकोस.

ती स्टीव्हियाची पूडही नको. गोडी येते, पाक होत नाही. आणि गूळ साखरेपेक्षा बरा, ही समजूत सोड. गुळातही बहुतेक सगळी साखरच. आबा जन्मभर गुळाचा चहा प्यायले, "ही साखर नव्हे" म्हणत. पुढे अंगठ्याचं काय झालं ते तुला सांगायला नको.

तुझं HbA1c, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, 6.1 आलंय. 6.5 पासून मधुमेह धरतात, म्हणजे अजून आवरता येईल असं डॉक्टर म्हणाले ना? मग रात्री अकराला जेवण कसलं? जेवून पुन्हा त्याच खुर्चीत. निदान सोसायटीला चार फेऱ्या मारायला काय होतं? तुझ्या वयात आबांनाही काहीच होत नव्हतं... असो. हे लिहायचं नव्हतं. रागावू नकोस.

आता सांदणं. बरक्या फणसाचा रस मे महिन्यातच काढून फ्रीझरमध्ये ठेवलाय, बाबा येताना आणतील. आजी वाटीभर रसाला अर्धी वाटी गूळ घालायची, तू अजिबात घालू नकोस. रस मुळातच गोड आहे. वाटीभर तांदळाचा जाडसर रवा भाजून त्यात कालव, चिमूटभर मीठ, थोडा वेळ फुगू दे आणि इडलीपात्रात वीस मिनिटं वाफव. सोबत नारळाचा रस, तोही बिनगुळाचा.

फणस फोडायला बसली की आजी तुझ्या हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळायची, तरी चीक सदऱ्याला लागायचाच. तुला आठळ्या मोजायला बसवायची. तू मोजता मोजता गरे संपवायचास आणि आकडा भलताच सांगायचास, आणि ती बाई तोच खरा धरायची! भाऊकाकांच्या लग्नातल्या सदऱ्याचं तर... काय सांगत होते? हो, सांदणं दोन खायची. तांदूळही पोटात जाऊन साखरच होतो. तिसरं शेजाऱ्यांना दे.

गणपतीचा नैवेद्य तू स्वतः करणार, हे मी आळीत सगळ्यांना सांगून झालंय. माईकाकूंना खरं वाटेना. आजी असती तर "मेलं, गोड कुठंय यात?" म्हणाली असती आणि दुसरी पातोळी उचलली असती.

हळदीची पानं एसटीच्या पार्सलने पाठवते, ओल्या फडक्यात गुंडाळून. आली की फ्रीजमध्ये ठेव, देठाची जाड शीर तासून घे, नाहीतर घडी मोडते. आणि तीन महिन्यांनी ती तपासणी पुन्हा कर. तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, विचारणार आहे.

तुझी,
आई

ता. क. बाबांना पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, त्याला सांग, आधी चहातली साखर बंद कर. स्वतः दोन चमचे घेतात.