मोंढ्यातल्या हमालमामांना

मामा,

सप्रेम नमस्कार. हे समोर बसून बोलायचं होतं, पण तुम्ही "जाऊ द्या हो मुनीमजी" म्हणता अन् पुढचा कट्टा पाठीवर घेता. म्हणून लिहितोय. नाव लिहीत नाही, दारू सोडणाऱ्यांच्या आपल्या मीटिंगचा दंडकच आहे तो.

सोयाबीनची आवक जोरात होती. सकाळी परभणीच्या मोंढ्यात एका शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, करायची होती. हमाली, तोलाई वजा केली अन् खालचा आकडा लिहिताना पेन घसरलं. दुसरा कागद घेतला, तेच. तुम्ही काट्यापाशी उभे राहून बघत होतात. त्या माणसासमोर अवाक्षर काढलं नाहीत. तो गेल्यावर जवळ बसलात अन् हळूच विचारलंत, "हात रोज सकाळीच थरथरायलाय का? अन् घेतली की थांबतो का?"

पित्त झालंय, असं मी म्हणालो. तुम्ही वाद घातला नाही. तुम्ही स्वतः दारू सोडायला दवाखान्यात होता तेव्हा डॉक्टरांनी विचारलेले चार प्रश्न तेवढे माझ्यापुढे ठेवलेत. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी त्यावरून बोललं की राग येतो का? प्याल्याचं मनाला खातं का? सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का? "दोन हो आले तरी डॉक्टरला दाखवा," म्हणालात. माझे चारही हो होते. तोंडानं मी एकच कबूल केला. बाकीचे तुम्हाला दिसलेच असतील.

मामा, तोवर माझ्याकडे उत्तरं तयार असायची. मी कधी नालीत पडलो नाही. पगार घरी देतो. श्रावण पाळतो, मग मी दारुडा कसा? त्या वर्षी मात्र श्रावण पाचव्या दिवशी मोडला होता, अन् ते घरात कुणाला माहीत नव्हतं. वास येऊ नये म्हणून खिशात विलायची असायची. लेकीनं दुधात विलायची नको म्हणायला सुरुवात केली, तेव्हाही मला काही कळलं नाही.

"एकच क्वार्टर तर घेतो," हेही माझंच पालुपद. पुढं डॉक्टरांनी हिशोब मांडून दाखवला. १८० मिलीची क्वार्टर, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे जवळपास ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत एक ड्रिंक १० ग्रॅमचं. माझी एक म्हणजे सहा! आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब लिहिणाऱ्या मला हा कधी सुचला नाही. आधी तेवढ्यात गुंगी यायची, नंतर काहीच वाटेना. मला 'पचते' याचा अभिमान होता. डॉक्टर म्हणाले, हीच तर सवय लागल्याची खूण.

सगळ्यात मोठे उपकार पुढचे. मी रडलो अन् आई तुळजाभवानीची शपथ घेऊन म्हणालो, आजपासून थेंब नाही. दुसरा कुणी असता तर शाबासकी देऊन निघून गेला असता. तुम्ही माझा हात धरलात. "शपथ घ्या, पण दवाखान्यात घ्या." रोज पिणाऱ्यानं घरी एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, अन् पुढं दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. हे तुम्ही भावकीतल्या एकाचं डोळ्यांनी बघितलं होतं. भर हंगामातली त्या दिवसाची हमाली सोडून तुम्ही मला जिल्हा रुग्णालयात नेलंत. कट्ट्यामागं मिळणाऱ्या पैशावर घर चालवणाऱ्या माणसाचा दिवस काय असतो, हे पट्ट्या लिहिणाऱ्याला सांगावं लागत नाही.

तिथं गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. घरी आल्यावर मीटिंगची वाट तुम्हीच दाखवलीत. तिथं फी नाही, उपदेश नाही.

हे पत्र मी सगळ्यांपुढं ठेवतोय, कारण प्रत्येकाच्या काट्यापाशी मामा उभे नसतात. ज्याला हे चार प्रश्न वाचून गप्प व्हायला झालं असेल, त्यानं जवळच्या सरकारी दवाखान्यात जावं, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावावा.

मामा, गुरुवारी मीटिंगला येताना डबा आणू नका. ज्वारीची भाकर अन् ठेचा इकडून येईल, असा घरच्यांचा निरोप आहे. लेक म्हणतेय, मामांना दूधही पाठवायचं. विलायची घालून.

तुमचा,
आडतीवरचा मुनीम