विषय : जागेवरून न हलणाऱ्या पाँटूनला (तरंगत्या धक्क्याला) चालत्या जहाजाचा रंग विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, मरीन कोटिंग विभाग

आजच्या फोननंतर हे पत्र लिहितोय. यापुढे तुमच्या कस्टमर केअरशी तोंडी बोलणार नाही. जे काय असेल ते लेखी.

आमचं शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. देवबागला कर्ली खाडीत प्रवाशांना बोटीत चढता-उतरता यावं म्हणून एका बोटमालकांसाठी आम्ही स्टीलचा पाँटून बांधला. रंगाची ऑर्डर द्यायच्या आधी तुमचे सेल्स इंजिनिअर वर्कशॉपला आले होते. ड्रॉइंग त्यांच्या पुढ्यात ठेवलं. पाँटून साखळ्यांनी बांधलेला असणार, भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होणार, बाकी जागा सोडणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. तुमच्याच छापील फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या हातानं ‘स्टॅटिक’ असं लिहिलं. झेरॉक्स सोबत जोडली आहे. हे सगळं लिहून घेतल्यावर त्यांनी सेल्फ पॉलिशिंग अँटीफाउलिंग, म्हणजे पाण्यात आपोआप झिजत राहून शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग, सुचवला आणि "तीन वर्षं बघायला नको, निवांत राहा" असं सांगून गेले.

कामात आम्ही कसर ठेवलेली नाही. एसए अडीचपर्यंत, म्हणजे गंज निघून लोखंड जवळपास पांढरं दिसेपर्यंत ब्लास्टिंग, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग दोन थर धरून ठेवणारा टाय कोट, मग तुमचा रंग. तांबं असलेला रंग थेट लोखंडावर बसला तर खाऱ्या पाण्यात लोखंडच खाल्लं जातं, म्हणून मधला इपॉक्सीचा थर अखंड पाहिजे, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. प्रत्येक थराची मायक्रॉनमधली जाडी रजिस्टरला आहे आणि त्याखाली तुमच्याच माणसाची सही आहे. फोंडा घाटातून ट्रेलरनं नेताना पट्ट्याखाली जिथं जिथं घासलं, तिथं देवबागला पोचल्यावर टचअप केलं.

दिवाळीआधी पाँटून पाण्यात सोडला. शिमग्याला मालकांचा फोन आला की एका अंगाला कलतोय. पाण्यात उतरून बघितलं तर पाण्याच्या रेषेखाली रंग दिसतच नव्हता. शेवाळाचा बुळबुळीत थर, त्यावर दाटीवाटीनं बार्नॅकल (घट्ट चिकटून बसणारे कवचवाले समुद्री जीव), साखळीच्या कड्यांपाशी कालवं. सावलीच्या बाजूला जास्त वजन, म्हणून कललेला. पट्टीनं एक बार्नॅकल खरवडला. कवच निघालं, खाली पांढरी गोल चकती तशीच चिकटून राहिली, आणि चकतीच्या भोवती तुमचा लाल रंग शाबूत होता. फोड नाही, तडा नाही. म्हणजे रंग निघालाच नव्हता. तो जागेवर होता आणि त्याच्या उरावर हे सगळं वाढलं होतं. ‘ट्रान्सपोर्टमध्ये रंग खरडला असेल’ हे तुमचं पहिलं उत्तर मग कशाच्या आधारावर दिलंत? ओरखड्यामुळं झालं असतं तर ओरखड्याच्या रेघेवर बसले असते. इथं सगळ्या अंगभर आहेत. बोटीवर काम करणाऱ्या पोरांचे पाय त्या धारेनं कापलेत.

आता आजचा फोन.

तुमच्या प्रतिनिधीनं आधी पिनकोड विचारला. सांगितला. थोडा वेळ गाणं लावलं. मग म्हणाली, "सर, कोल्हापूरला तर समुद्र नाहीये. तुम्ही मरीन प्रॉडक्ट कशाला वापरलंत?" मी सांगितलं, बाई, माल इथं बनतो, पाण्यात उतरतो देवबागला, बिलावर साइटचा पत्ता आहे. "हो सर, पण सिस्टीम कोल्हापूर दाखवते. कोस्टल नसल्यामुळं तक्रार मरीनला जात नाही. डेकोरेटिव्हला टाकू का?" डेकोरेटिव्ह, म्हणजे घराच्या भिंतींचा रंग! मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पलीकडं कुणीतरी हसलं, ते मला स्वच्छ ऐकू आलं. कोल्हापूरचं कास्टिंग देशभरातल्या गाड्यांच्या इंजिनात बसतं. तिथं आम्हाला कुणी विचारत नाही की तुमच्या गावात गाड्यांचा कारखाना आहे का. लोखंडाचं काम आम्हाला येतं म्हणून लोक कोकणातून घाट चढून आमच्याकडं येतात. ते हसणं मी विसरणार नाही.

मग टेक्निकलचे साहेब लाइनवर आले. म्हणाले, "तुमचं स्ट्रक्चर स्टॅटिक आहे. सेल्फ पॉलिशिंगला पाण्याचा प्रवाह लागतो. स्टॅटिकला वॉरंटी लागू नाही."

साहेब, हे तुम्हाला आज कळलं का? तुमचं प्रॉडक्ट तुम्हाला माहीत आहे. त्यातला रेझिन, म्हणजे रंग बांधून ठेवणारा पदार्थ, समुद्राच्या पाण्यात हळूहळू विरघळतो, वरचा थर झिजतो, खालून तांब्याचं ताजं क्युप्रस ऑक्साइड उघडं पडतं आणि म्हणून काही चिकटत नाही. जहाज चालतं तेव्हा पाणी हे झिजवायचं काम करतं. बांधून ठेवलेल्या पाँटूनवर ते मंद होतं, तांबं निघून गेलेला थर वरच साचतो आणि शेवाळाला जागा मिळते. उभ्या स्ट्रक्चरसाठी लवकर झिजणारे वेगळे ग्रेड असतात. फॉर्मवर ‘स्टॅटिक’ लिहून घेतल्यावर तुम्ही तो ग्रेड का दिला नाही? ज्या शब्दावर रंग विकलात, त्याच शब्दावर वॉरंटी नाकारता?

वर ते म्हणाले, "पूर्वीचा टिनवाला रंग असता तर हा प्रश्नच आला नसता." हे ऐकून मात्र मी गप्प बसलो नाही. त्या रंगातल्या ट्रायब्युटिल टिन या विषानं काय केलं हे मरीन रंग विकणाऱ्या माणसाला माहीत पाहिजे. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत कालवांची पैदास कोसळली, शिंपले जाड आणि वेडेवाकडे झाले, म्हणून १९८२ साली तिथं छोट्या बोटींवर त्याला बंदी आली. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. २००१ साली जहाजांवर त्याला बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो लागू आहे. मालवणच्या खाड्यांमध्ये ओहोटीला बायका वाकून कालवं काढतात, त्यावर त्यांची घरं चालतात. त्या पाण्यात असलं विष सोडायची आठवण तुमचा टेक्निकलचा माणूस हळहळून काढतो, याची मला पाँटूनपेक्षा जास्त चीड आली.

फाउंड्रीच्या शेडला, मशिनरीला आम्ही वर्षानुवर्षं तुमचाच रंग लावत आलो. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त भाव आला तरी बदलला नाही. मालकांनी हा रंग माझ्या शब्दावर घेतला. आज त्यांच्यासमोर मान खाली घालून उभं राहायची वेळ तुम्ही आणलीत.

मला डिस्काउंट कूपन नको, पुढच्या ऑर्डरवर सूटही नको. पाँटून पाण्याबाहेर काढणं, खरवडणं, पुन्हा ब्लास्टिंग करणं आणि उभ्या स्ट्रक्चरला चालणारा ग्रेड लावणं, हा सगळा खर्च कंपनीनं करावा. क्रेन आणि ट्रेलरचं भाडंही त्यात धरावं. ‘स्टॅटिक’ लिहून घेतल्यावर हा रंग कुणी मंजूर केला, याचं उत्तर सहीनिशी द्यावं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस येईल, आणि शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत प्रत्येक फॅब्रिकेटरला ही फाइल मी स्वतः दाखवीन.

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

ता.क. पाहणीला माणूस पाठवणार असाल तर त्यानं पाण्यात उतरून खालची बाजू बघावी. नुसता वरून फोटो काढून "कोटिंग ओके" असा रिपोर्ट आला, तर त्यावर आम्ही सही करणार नाही.