चाळिशीच्या तपासणीत जन्माचं वजनही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयरोगावरची आपली पुरवणी मन लावून वाचली. तंबाखू, बैठं काम, मीठ, ताण, सगळं त्यात आहे. माणूस जन्मला तेव्हा किती वजनाचा होता, एवढं मात्र कुठे आलं नाही. माझी उभी नोकरी अंगणवाडीच्या वजनकाट्यापाशी गेली, त्यामुळे ते चटकन जाणवलं.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून सुईणी आणि घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका बाळांची वजनं वहीत टिपत असत. एक जन्माचं, दुसरं वर्षाचं झाल्यावर. त्या वह्या टिकल्या, म्हणून डॉ. डेव्हिड बार्कर यांना पाच हजारांहून अधिक पुरुषांचा पुढचा माग काढता आला. वर्षाचे असताना ज्यांचं वजन सगळ्यांत कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू सर्वाधिक, असं त्यांनी 1989 मध्ये मांडलं. म्हैसूरच्या एका जुन्या रुग्णालयातल्या जन्मनोंदींतूनही कमी वजन आणि हृदयविकार यांचं असंच नातं दिसलं.

पोटात अन्न कमी पडलं की बाळ आधी मेंदू सांभाळतं आणि मूत्रपिंड, स्वादुपिंड, स्नायू यांच्या वाट्याला कमी येतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या तर जवळजवळ सगळ्या जन्माआधीच तयार होतात. त्या थोड्या असल्या तर पुढे रक्तदाब चढायला वाव मिळतो.

आपल्याकडचं दुखणं आणखी वेगळं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. पण आपली बाळं हाडकुळी दिसली तरी चरबी त्या मानाने राखून असलेली. ज्या आया दूध, पालेभाज्या आणि फळं अधिक वेळा खात, त्यांची बाळं भरलेली होती. हाडकुळ्या बाळाला घरात सगळे ‘बाळसं धरू दे’ म्हणून भरवतात. पहिली दोन वर्षं ते योग्यच. पुढे मात्र सांभाळायला हवं. दिल्लीत 1969 ते 1972 दरम्यान जन्मलेल्यांच्या अभ्यासात, दोन वर्षांपर्यंत बारीक आणि त्यानंतर झपाट्याने जाड होत गेलेल्यांना मोठेपणी मधुमेह अधिक आढळला. मधुमेह आला की हृदयाचा धोका आलाच.

माझा पुतण्या जन्मला तेव्हा दोन किलोलाही कमी होता. जाऊबाई नववा महिना लागेपर्यंत खुरपणीला जात होत्या. मग सगळ्यांनी मिळून त्याला तूप-साखर, बिस्किटं खाऊ घालून गुटगुटीत केलं. मीही त्यात होते. एकेचाळिसाव्या वर्षी त्याला झटका आला. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण रुग्णालयात विडी-सिगारेट विचारली, वडिलांचा आजार विचारला, जन्माचं वजन कुणी विचारलं नाही. वाढीचं कार्डही घर बदलताना रद्दीत गेलं होतं.

बाळाच्या कार्डाचं काम लसीकरण संपलं की संपतं, असं घरोघरी समजतात. ते शाळेच्या आरोग्य तपासणीत पुढे न्यावं, जन्माचं वजन शाळेच्या नोंदीत लिहावं. कमी वजनाने जन्मलेल्या माणसाचा रक्तदाब आणि साखर तिशीपासून पाहावी. अंगणवाडीताईंकडे अजूनही वजनं लिहिली जातात, ती पुढे नेणारं कुणी हवं. आपल्या पुढच्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका