बंद मॉलचा पोर्च बससाठी उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबाग परिसरात एक मॉल आहे. तो नवा होता तेव्हा मी एसटीत वाहक होतो. सरकता जिना बघायला तासगाव, कवठेमहांकाळहून माणसे यायची, "मॉलपाशी उतरवा" म्हणायची. आज वरचे मजले बंद आहेत. खाली एक औषधाचे दुकान आणि एक झेरॉक्सवाला तेवढे तग धरून आहेत. जिन्याला आडवी दोरी बांधली आहे. इमारत पाडून तिथे टॉवर उठवायची कुजबुज कानावर येते, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी कॉलेजच्या चार-पाच मुली मिरजेच्या सिटी बसची वाट बघत त्या पोर्चमध्ये आडोशाला उभ्या होत्या. पहारेकऱ्याने त्यांना बाहेर जायला सांगितले. त्याला तसा हुकूम असणार, त्याच्यावर माझा राग नाही. एकीने सॅक पोटाशी धरली, वरून ओढणी घेतली आणि ती रस्त्याकडेला जाऊन उभी राहिली. बस पंचवीस मिनिटांनी आली, तीही भरलेली. तोवर वह्या काही कोरड्या राहिल्या नसतील.

ही जागा सार्वजनिक कामाला आलीच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. विश्रामबाग रेल्वे स्थानक इथून चालत दहा मिनिटांवर. विलिंग्डन, वालचंद ही कॉलेजे जवळ, दारातून सिटी बस जाते. स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरच्या आत, म्हणजे पायी जाता येईल एवढ्या टापूत घरे, दुकाने, कामाच्या जागा एकत्र वसवाव्यात, असे केंद्राचे २०१७ चे धोरणच आहे. त्यासाठी मेट्रो यायची वाट बघायला नको. आपल्याकडे एसटी आहे, रेल्वे आहे.

आणखी एक कारण आहे, ते सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आपले मुख्य बसस्थानकही पाण्यात गेले. तेव्हा मी ड्युटीवर होतो. ज्या थोड्या गाड्या सोडता आल्या त्या उंचावरच्या रस्त्याकडेला लावल्या, आणि कुठली गाडी कुठे लागली हे आम्ही ओरडून सांगत होतो. म्हातारी माणसे गाठोडी घेऊन या गाडीकडून त्या गाडीकडे पळत होती. गावभागातल्या कितीतरी कुटुंबांनी विश्रामबागेतल्या ओळखीच्या घरांत, मंगल कार्यालयांत दिवस काढले. पूर न पोहोचणाऱ्या भागात पक्क्या बांधणीचे मजले रिकामे पडून आहेत आणि आपण ते पाडायचे म्हणतोय! तिथे एक मोठा हॉल, स्वयंपाकाची सोय आणि पाण्याची टाकी असली, तर एरवी लग्नकार्ये होतील आणि पुरात माणसांना छप्पर मिळेल.

तळमजल्यावर चार फलाट, चौकशी खिडकी, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि बचत गटांना गाळे द्यावेत. वर अभ्यासिका, दवाखाना. सगळ्यात वरती बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह. अमेरिकेत ऑस्टिन शहरातला १९७१ चा हायलँड मॉल असाच ओस पडला होता. तो तिथल्या कम्युनिटी कॉलेजने घेतला आणि २०१४ मध्ये त्यातल्या एका मोठ्या दुकानाच्या जागी सहाशेहून अधिक संगणकांची अभ्यासिका सुरू केली. शेजारी रेल्वेचे स्थानकही आहे.

खरी अडचण गाळेधारकांची. काहींनी कर्ज काढून गाळे घेतलेत, हप्ते अजून चालू आहेत. बसथांबा झाला की गिऱ्हाईक आपसूक दारात येईल, पण ते येईपर्यंत त्यांनी काय खायचे? म्हणून नव्या रचनेत पहिला हक्क त्यांचा, हे लेखी हवे. महापालिकेने इमारत विकत घेण्यापेक्षा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यावी. आराखडा आखताना एसटीच्या चालक-वाहकांनाही बोलवावे. गाडी वळायला किती जागा लागते, ते कागदावर कळत नाही.

हे सगळे व्हायला वर्षे जातील. पण पोर्चची साखळी काढायला, तिथे दोन बाकडी आणि "विनंती थांबा" अशी पाटी लावायला एक दिवस पुरतो. मालक आणि महापालिकेने तेवढे तरी जूनच्या आत करावे.

– एक निवृत्त एसटी वाहक, सांगली